कन्सोल बनवायला किती खर्च येतो, हे कंपनी सांगत नाही. मग आकडा बातमीत येतो कुठून?

नोव्हेंबर २००६. सोनीचा प्लेस्टेशन ३ बाजारात आला. अमेरिकेत किंमत होती २० जीबीच्या मॉडेलला ४९९ डॉलर आणि ६० जीबीच्या मॉडेलला ५९९ डॉलर. लोक ‘केवढा महाग’ म्हणून नाकं मुरडत असतानाच आयसप्लाय नावाच्या अमेरिकन संशोधन कंपनीने एक वेगळाच हिशोब मांडला. त्यांच्या मते २० जीबीचा कन्सोल बनवायला सोनीला ८०५.८५ डॉलर लागत होते आणि ६० जीबीचा बनवायला ८४०.३५ डॉलर. म्हणजे प्रत्येक कन्सोल विकताना सोनी अडीचशे-तीनशे डॉलरचा खड्डा स्वतःच्या खिशाला पाडून घेत होती.

आता गंमत बघा. सोनीने हा आकडा कधीच जाहीर केला नव्हता. कुठलीही कंपनी करत नाही. कोणता भाग कितीला घेतला हे प्रतिस्पर्ध्याला कळलं तर पुरवठादाराशी पुढची घासाघीस अवघड होते. तरीही ८४०.३५, म्हणजे अगदी सेंटपर्यंतचा आकडा जगभरच्या बातम्यांमध्ये छापून आला.

हा आकडा कसा काढतात? त्यावर विश्वास किती ठेवायचा? आणि नवा कन्सोल आला की ‘कंपनी एका कन्सोलमागे इतके कमावते’ अशा हेडलाइन्स येतात, त्या वाचताना काय लक्षात ठेवायचं? सविस्तर समजून घेऊया.

आधी कन्सोल विकत घ्यायचा, मग खोलायचा

या कामाला टिअरडाउन म्हणतात. आधी दुकानातून कन्सोल विकत आणायचा. मग एक-एक स्क्रू काढून त्याचे सुटे भाग टेबलावर मांडायचे. मदरबोर्ड, पंखा, हीटसिंक, पॉवर सप्लाय, डिस्क ड्राइव्ह, प्लास्टिकचं बाहेरचं आवरण, केबल, कंट्रोलर, सगळं. मदरबोर्डवरचे बारीक कपॅसिटर आणि रेझिस्टरसुद्धा मोजायचे.

हे भाग किती असतात? पीएस३ च्या बाबतीत आयसप्लायने दिलेला आकडा आहे. एका पिढीच्या मॉडेलमध्ये ४,०४८ भाग होते, पुढच्या पिढीत ते २,८२० वर आले. एका डब्यात चार हजार भाग!

या सगळ्या भागांची यादी करून प्रत्येकापुढे नग आणि भाव लिहिला की जे तयार होतं, त्याला बिल ऑफ मटेरियल्स म्हणतात. थोडक्यात बीओएम. घर बांधताना ठेकेदार एस्टिमेट देतो ना, सिमेंट इतक्या पोती, स्टील इतकं, वाळू इतकी? तसंच. त्यात जुळणीची मजुरी मिळवली की झाला ‘उत्पादन खर्च’.

यादी करणं वेळखाऊ असलं तरी सोपं आहे. खरी परीक्षा भावाच्या रकान्यात असते.

बाजारात मिळणारे भाग: इथे अंदाज बराच जवळ जातो

कन्सोलमधले बरेच भाग दुसऱ्या उपकरणांमध्येही वापरले जातात. हार्ड डिस्क, मेमरी चिप, कपॅसिटर, वाय-फायची चिप. त्यांच्यावर कंपनीचं नाव आणि भागाचा क्रमांक छापलेला असतो. क्रमांक कळला की घाऊक बाजारातला भाव शोधता येतो. मग प्रश्न उरतो सवलतीचा. लाखो नग उचलणाऱ्या गिऱ्हाइकाला किती टक्के कमी भाव मिळेल, हे अंदाज करणारी मंडळी पुरवठादारांशी बोलून आणि जुन्या अनुभवावरून ठरवतात.

याच पद्धतीतून पीएस३ बद्दल एक मजेशीर गोष्ट बाहेर आली. आयसप्लायच्या हिशोबात दोन मॉडेलच्या खर्चातला फरक होता फक्त ३४.५० डॉलर. पण दुकानातल्या किमतीतला फरक होता १०० डॉलर. म्हणून स्वस्त मॉडेलवर सोनीचा तोटा जास्त (३०६.८५ डॉलर) आणि महाग मॉडेलवर कमी (२४१.३५ डॉलर) निघाला. साठवणूक थोडी वाढवून किंमत भरपूर वाढवायची, ही युक्ती तुम्ही फोनच्या १२८ आणि २५६ जीबीच्या मॉडेलमध्येही पाहिली असेल. बीओएम हातात आला की ती उघडी पडते.

मेमरीचं मात्र सांभाळून. तिचा भाव कांद्यासारखा आहे, कधी चढेल आणि कधी कोसळेल सांगता येत नाही. त्यामुळे मेमरीचा अंदाज ज्या महिन्यात काढला, त्या महिन्यापुरताच खरा धरायचा.

खास बनवून घेतलेली चिप: इथे खरी कसोटी

कन्सोलचा मेंदू म्हणजे त्याची मुख्य चिप. ती फक्त त्या कन्सोलसाठी बनते, त्यामुळे तिचा बाजारभाव नावाची गोष्टच नसते. आणि तीच सगळ्यात महागड्या भागांपैकी एक असते. २००६ च्या त्या यादीत पीएस३ ची ग्राफिक्स चिप १२९ डॉलर, ब्लू-रे ड्राइव्ह १२५ डॉलर आणि सेल नावाचा प्रोसेसर ८९ डॉलर धरला होता. चार हजार भागांपैकी या तिघांनीच एकूण खर्चाचा चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा खाल्ला होता.

मग ज्याचा बाजारभावच नाही, त्याची किंमत कशी ठरवायची? तर चिपचं क्षेत्रफळ मोजून.

चिपचं पॅकेजिंग काढून आतला सिलिकॉनचा तुकडा मोजतात. पीएस५ च्या २०२० मधल्या चिपचं क्षेत्रफळ आहे साधारण ३०८ चौरस मिलिमीटर. असे तुकडे सिलिकॉनच्या गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, एकाच वेळी शेकड्याने बनतात. वेफरचा व्यास ३०० मिलिमीटर. चिप बनवणारा कारखाना पैसे घेतो ते अख्ख्या वेफरचे. त्यामुळे प्रश्न असा उरतो की एका वेफरमधून चांगल्या चिप किती निघतात?

चला, कागद-पेन्सिल घेऊन करून बघू.

वेफरचं क्षेत्रफळ साधारण ७०,७०० चौरस मिलिमीटर. त्याला ३०८ ने भागलं तर २२९ चिप येतात. पण वेफर गोल आणि चिप चौकोनी. शंकरपाळ्यांसाठी लाटलेली पोळी कापताना कडेला वेडेवाकडे तुकडे उरतात, तसंच इथे होतं. घरी आपण ते तुकडेही तळून खातो, इथे ते वाया जातात. कडेचा हा हिशोब धरला की उरतात साधारण १९१.

त्यातल्याही सगळ्या चालत नाहीत. वेफरवर कुठे ना कुठे सूक्ष्म दोष राहतोच. समजा, दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ दोष आहे. मग ३.०८ चौरस सेंटिमीटरच्या चिपपैकी साधारण ७३ टक्के चिपमध्ये एकही दोष नसेल. या टक्केवारीला यील्ड म्हणतात. म्हणजे हातात आल्या १४० चांगल्या चिप.

आता वेफरची किंमत ९,००० डॉलर धरू. ९,००० भागिले १४०, म्हणजे एक चिप साधारण ६४ डॉलरला. यावर पॅकेजिंग, चाचणी आणि चिप डिझाइन करणाऱ्या एएमडीचा नफा चढतो, तो वेगळा.

दोष असलेली चिप फेकायची नसेल तर?

दोष असलेली प्रत्येक चिप फेकून देणं कुणालाच परवडत नाही. म्हणून कंपन्या आधीच थोडी सोय करून ठेवतात.

पीएस३ च्या सेल प्रोसेसरमध्ये आठ सहायक कोअर होते, पण सोनीने वापरायचे ठरवले सातच. एखादा बिघडलेला निघाला तर तो बंद करायचा, बाकी चिप चालते. पीएस५ च्या ग्राफिक्स भागातही ४० युनिट आहेत आणि चालू असतात ३६. त्यामुळे वरच्या हिशोबातल्या ‘बाद’ चिपपैकी काही पुन्हा कामाला येतात आणि प्रत्यक्ष यील्ड थोडं वाढतं. टिअरडाउन करणाऱ्याला हेही हिशोबात घ्यावं लागतं.

मग हा आकडा किती पक्का?

वरच्या गणितात चिपचं क्षेत्रफळ मोजलेलं होतं. पण वेफरची किंमत आणि दोषांचं प्रमाण, या दोन गोष्टी आपण ‘समजा’ म्हणून धरल्या. त्याच थोड्या हलवून बघू.

वेफर ८,००० डॉलरचा आणि दोषांचं प्रमाण ०.०७ धरलं, तर चिप पडते साधारण ५२ डॉलरला. वेफर १०,००० डॉलरचा आणि दोष ०.१५ धरले, तर तीच चिप जाते ८३ डॉलरवर. दोन्ही गृहीतकं अवास्तव नाहीत. पण फरक पडला ३१ डॉलरचा. एक कोटी कन्सोल विकले तर हा फरक होतो ३१ कोटी डॉलर!

म्हणून ८४०.३५ मधल्या त्या ३५ सेंटना फार भाव देऊ नका. बेरीज सेंटपर्यंत येते, कारण यादीतला प्रत्येक भाव सेंटपर्यंत लिहिलेला असतो. पण त्यातले मोठे भाव स्वतःच अंदाज आहेत. असा आकडा वाचताना मनात ‘आठशेच्या आसपास’ असं म्हणायचं.

मग हा सगळा खटाटोप फुकट का? अजिबात नाही. आकडा नेमका नसला तरी दिशा बरोबर असू शकते आणि ती तपासायची सोयही असते. पीएस३ च्याच बाबतीत बघा. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाने २३,२३० कोटी येनचा ऑपरेटिंग तोटा दाखवला आणि पीएस३ उत्पादन खर्चापेक्षा कमी किमतीत विकणं हे त्याचं कारण खुद्द कंपनीने दिलं. टेबलावर सुटे भाग मांडून बाहेरच्यांनी जे सांगितलं, त्याला कंपनीच्या ताळेबंदाने दुजोरा दिला.

अशा पावत्या अधूनमधून मिळत राहतात. मे २०२१ मध्ये एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी साक्ष दिली की एक्सबॉक्स कन्सोलच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेमिंगचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी एका कन्सोलमागे १०० ते २०० डॉलरचा भार कंपनी उचलते, असं सांगितलं. तर ऑगस्ट २०२१ मध्ये सोनीने ४९९ डॉलरचा पीएस५ आता तोट्यात विकला जात नाही, असं गुंतवणूकदारांना कळवलं.

‘खर्च ३८१, किंमत ३९९, म्हणजे नफा १८’ हे चुकतं कुठे?

२०१३ मध्ये पीएस४ आला. तोवर आयसप्लाय ही आयएचएस या कंपनीचा भाग झाली होती. त्यांनी पीएस४ चा खर्च काढला ३८१ डॉलर. त्यात एएमडीचा प्रोसेसर १०० डॉलर आणि मेमरी ८८ डॉलर, म्हणजे जवळपास निम्मा खर्च या दोघांचाच. दुकानातली किंमत होती ३९९ डॉलर.

वजाबाकी केली की वाटतं, सोनीला १८ डॉलर सुटले. पण घराच्या एस्टिमेटमध्ये जागेची किंमत आणि आर्किटेक्टची फी नसते, तसंच बीओएममध्येही बरंच काही नसतं. चिपच्या डिझाइनवर कित्येक वर्षं झालेला खर्च, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे पगार, जाहिरात, जहाजाचं भाडं, गोदाम, वॉरंटीत परत येणारे कन्सोल, यातलं काहीच त्या ३८१ मध्ये धरलेलं नाही. शिवाय ३९९ डॉलर सोनीच्या हातात पडतही नाहीत. दुकानदार आणि वितरक आपला वाटा आधी काढून घेतात. हे सगळं मिळवलं तर ते १८ डॉलर कुठल्या कुठे जातात.

त्याच वर्षीच्या एक्सबॉक्स वनचा खर्च आयएचएसने ४७१ डॉलर धरला होता आणि किंमत होती ४९९ डॉलर. त्यातले ७५ डॉलर एकट्या किनेक्ट कॅमेऱ्याचे होते. जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने किनेक्ट काढून ३९९ डॉलरचा एक्सबॉक्स आणला. बीओएम बघितलेल्यांना यात नवल वाटलं नसेल. पीएस४ च्या किमतीला भिडायचं तर कात्री कुठे लावता येईल, हे त्या यादीत आधीच दिसत होतं.

तोटा होतो तर कंपन्या विकतात कशाला?

कारण कमाई पुढे आहे. कन्सोलच्या ऑनलाइन स्टोअरमधून विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या गेमवर साधारण ३० टक्के कमिशन घेतलं जातं. ६० डॉलरच्या गेमवर १८ डॉलर. म्हणजे एका कन्सोलवर १०० डॉलरचा तोटा झाला असेल, तर सहा गेम विकले की तो भरून निघतो. वरून सबस्क्रिप्शन आणि जादा कंट्रोलर वेगळे.

निन्टेन्डोचा मार्ग वेगळा आहे. २००६ मध्येच आलेला वी हा कन्सोल २४९.९९ डॉलरला होता. त्यात साधी, स्वस्त चिप वापरून पहिल्या दिवसापासून हार्डवेअरवरही नफा ठेवला होता. पण निन्टेन्डोलाही हे दरवेळी जमलेलं नाही. २०१२ मधला वी यू त्यांनी सुरुवातीला तोट्यातच विकला.

खर्च उतरतो कसा?

पीएस३ चा आलेख बघा. २००६ मध्ये आठशेच्या पुढे असलेला खर्च आयसप्लायच्या डिसेंबर २००८ च्या अंदाजात ४४८.७३ डॉलरवर आला. दोन वर्षांत जवळपास निम्मा. २००९ मध्ये सोनीने २९९ डॉलरचा स्लिम आणला.

यामागे तीन कारणं होती. चिप लहान झाल्या (सेल प्रोसेसर ९० नॅनोमीटरवरून ६५ आणि मग ४५ वर आला). ब्लू-रे ड्राइव्ह नवीन असताना महाग होता, तो स्वस्त झाला. आणि सोनीने काही सोयी काढल्या, काही भाग एकत्र केले. पीएस२ चे गेम चालवण्यासाठी बसवलेल्या जुन्या चिप तर पूर्ण हटवल्या.

चिप लहान झाली की दुहेरी फायदा होतो. आपल्याच गणितात ३०८ ऐवजी २६० चौरस मिलिमीटरची चिप घालून बघा. आकार १६ टक्क्यांनी कमी होतो, पण चांगल्या चिप १४० वरून १७८ वर जातात, म्हणजे २७ टक्के जास्त! एकतर वेफरवर जास्त मावतात आणि लहान चिपवर दोष पडायची शक्यताही कमी. शिवाय लहान चिप कमी तापते, म्हणून हीटसिंक छोटा चालतो. डिस्क ड्राइव्ह असलेला पीएस५ आला तेव्हा ४.५ किलोचा होता, २०२२ पर्यंत तो ३.९ किलोवर आला. वजन कमी म्हणजे धातू कमी आणि जहाजाचं भाडंही कमी.

भारतात मग इतका महाग का?

पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, ४९,९९० रुपयांना. अमेरिकेतली किंमत ४९९ डॉलर. तेव्हाच्या साधारण ७३ रुपये दराने ते होतात ३६,४०० च्या आसपास. मधले साडेतेरा हजार गेले कुठे, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांना पडला होता.

दोन गोष्टी बघा. अमेरिकेत छापलेल्या किमतीत विक्रीकर नसतो, तो बिलात वेगळा लागतो. आपल्याकडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो. त्या वेळच्या १८ टक्के दराने ४९,९९० मधले साधारण ७,६२५ रुपये जीएसटीचे होते. म्हणजे फरकाचा निम्म्याहून अधिक भाग तिथेच संपला. उरलेल्यात सीमाशुल्क, वाहतूक आणि वितरकाचा वाटा. म्हणून डॉलरच्या बीओएमला रुपयाच्या दराने गुणून ‘आपल्याला इतक्याला लुटलं’ असा निष्कर्ष काढायची घाई नको.

पुढची हेडलाइन वाचताना

नव्या कन्सोलच्या खर्चाचा आकडा दिसला, की हे चार प्रश्न विचारा.

१. आकडा कोणाचा आहे? कन्सोल खोलून काढलेला, की कंपनीतल्या ‘सूत्रांनी’ सांगितलेला?
२. कोणत्या महिन्याचा आहे? वर्षभर जुना आकडा बऱ्याचदा निरुपयोगी असतो.
३. त्यात फक्त भाग आणि जुळणी आहे, की डिझाइन, वाहतूक आणि दुकानदाराचा वाटाही?
४. मुख्य चिप आणि मेमरीचा वाटा किती? आकडा चुकायचा असेल तर बहुतेक तिथेच चुकतो.

यातला दुसरा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झालाय. ‘थोडं थांबलं की कन्सोल स्वस्त होतो’ हा अनेक वर्षांचा अनुभव होता. पीएस५ ने तो मोडला. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची किंमत ५४,९९० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतही ती ५० डॉलरने वाढली. नव्या तंत्राचे वेफर महाग होत चाललेत, त्यामुळे चिप लहान करून मिळणारी बचत पूर्वीसारखी राहिली नाही. त्यात चलनाचे दर, आयात शुल्क आणि मेमरीचा भाव यांची भर. त्यामुळे किंमत उतरण्याची वाट बघत थांबला असाल, तर कन्सोलच्या वयाकडे बघून अंदाज बांधू नका. मेमरीचे भाव कुठे चाललेत, तिकडे आधी लक्ष द्या.